जर्मन नागरिकाशी लग्न: स्टुटगार्टला करावे की मुंबईत? कागदपत्रांबाबत मार्गदर्शन हवे

मधली_मुलगी (गिरगाव)

नमस्कार. मी गिरगावात राहते, वय ३१, भारतीय नागरिक, धर्माने हिंदू, आणि यापूर्वी माझा विवाह झालेला नाही. माझे लग्न एका जर्मन नागरिकाशी ठरले आहे. तो स्टुटगार्टला नोकरी करतो, धर्माने ख्रिस्ती आहे आणि त्याचेही हे पहिलेच लग्न आहे. दोन्ही घरांची संमती आहे, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे त्या बाजूचे सल्ले येणार नाहीत. (स्टुटगार्ट हे १९६८ पासून मुंबईचे भगिनी शहर आहे, हा शोध आमच्या बाबांनी कुठूनसा लावला आणि त्या दिवसापासून त्यांचा उरलासुरला विरोध मावळला.)

आमचा बेत असा आहे की आधी स्टुटगार्टला तिथल्या नोंदणी कार्यालयात रीतसर लग्न करावे आणि नंतर डिसेंबरमध्ये गिरगावातल्याच एका मंगल कार्यालयात वैदिक पद्धतीने विधी करावा, कारण आजीला अंतरपाट आणि मंगलाष्टके याखेरीज लग्न झाल्यासारखे वाटणार नाही. कागदपत्रांसाठी मी एका एजंटाला गाठले. जन्मदाखला, पदवी, अविवाहित असल्याचे शपथपत्र, सगळ्यावर अपोस्टील (म्हणजे कागद परदेशात खरा धरला जावा म्हणून लागणारे सरकारी साक्षांकन) करून देतो, मग जगात कुठेही अडचण येणार नाही, असे त्याने सांगितले आणि आगाऊ रक्कमही घेतली. दरम्यान तिकडच्या नोंदणी कार्यालयाने होणाऱ्या नवऱ्याच्या हाती दोन पानी यादी दिली असून त्या यादीत अपोस्टील हा शब्दच नाही, त्यामुळे मी गोंधळले आहे.

स्टुटगार्टला झालेले लग्न भारतात कायदेशीर धरले जाईल का, आणि धरले जाईल तर कोणत्या कायद्याखाली? त्यापेक्षा तिकडच्या भारतीय दूतावासातच लग्न लावून घेता येईल का? काही जण डेन्मार्कला जाऊन चार दिवसांत लग्न उरकून येतात असे ऐकते, त्यात कितपत तथ्य आहे? आणि सर्वांत मोठी चिंता म्हणजे माझा जन्मदाखला. माझा जन्म परळच्या एका प्रसूतिगृहात झाला. दाखल्यावर आई-वडिलांची नावे आहेत, तारीख आहे, पण बालकाच्या नावाची चौकट कोरी आहे, आणि आईच्या नावाला ‘बाई’ जोडलेले आहे, जे तिच्या इतर कोणत्याही कागदावर नाही. आजवर शाळा सोडल्याच्या दाखल्यावर सगळे निभावले. आता निभावेल असे वाटत नाही.

फोर्टातला_काळा_कोट

आपण दोन समारंभांची आखणी केली आहे, पण कायद्याच्या दृष्टीने त्यांतील एकच विवाह ठरेल. तो कोणता, हे आधी पक्के करा.

हिंदू विवाह अधिनियम, १९५५ आपल्याला लागू होत नाही. त्या कायद्याखालील विवाहासाठी वधू आणि वर दोघेही हिंदू असावे लागतात, आणि हिंदू व ख्रिस्ती व्यक्तींनी केवळ हिंदू विधीने केलेला विवाह त्या कायद्याखाली ग्राह्य नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली एका प्रकरणात स्पष्ट केलेले आहे. त्यामुळे डिसेंबरमधील अंतरपाट, सप्तपदी, कन्यादान हे सारे आनंदाने करा, पण तो कुटुंबाचा सोहळा समजून करा. त्याच्या जोरावर वॉर्ड ऑफिसात हिंदू विवाह म्हणून नोंदणी करण्याच्या भानगडीत पडू नका. महाराष्ट्रात विवाहांची नोंदणी १९९८ च्या अधिनियमाखाली होते, मात्र नोंदणी झाली म्हणून मुळात अवैध असलेला विवाह वैध होत नाही. कोणी वराची शुद्धी करून घ्या म्हणून सुचवील. श्रद्धेने कोणी धर्म बदलत असेल तर तो त्याचा अधिकार आहे, परंतु एका दाखल्यासाठी धर्म बदलणे मला पटत नाही आणि उद्या न्यायालयात उलटतपासणीत ते शोभतही नाही.

उरतात दोन मार्ग. पहिला, विशेष विवाह अधिनियम, १९५४. मुंबई शहराचे विवाह अधिकारी फोर्टमध्ये जुन्या कस्टम हाऊसमध्ये बसतात, उपनगरासाठी वांद्र्याचे कार्यालय आहे. दोघांपैकी एकाने नोटिशीच्या आधी सलग ३० दिवस त्या जिल्ह्यात वास्तव्य केलेले असावे लागते, आणि आपण गिरगावात राहत असल्याने ती अट आपल्यापुरती पूर्ण होते. नोटीस फलकावर लागल्यापासून ३० दिवसांत कोणाची हरकत आली नाही, तर तीन साक्षीदारांसमोर विवाह लागतो आणि दाखला मिळतो. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांच्या आत विवाह झाला नाही, तर ती नोटीस बाद होते आणि पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. अशा नोटिशीचे गणित विमानाच्या तिकिटांआधी मांडायचे असते, हे आमच्याकडे येणारे बहुतेक लोक तिकिटे काढून झाल्यावर ऐकतात.

दुसरा मार्ग विदेशी विवाह अधिनियम, १९६९ चा. या कायद्याने परदेशातील भारतीय वकिलातीत नेमलेला विवाह अधिकारी विवाह लावू शकतो. दोघांपैकी किमान एक भारतीय नागरिक असावा, वर २१ व वधू १८ वर्षे पूर्ण झालेले असावेत, विवाहाच्या वेळी कोणाचाही विवाहित जोडीदार हयात नसावा, आणि एकाने त्या अधिकाऱ्याच्या कार्यक्षेत्रात ३० दिवस वास्तव्य केलेले असावे, अशा त्याच्या ठळक अटी आहेत. मात्र त्याच कायद्याच्या कलम ११ मध्ये एक मेख आहे: जेथे विवाह लावायचा त्या देशाच्या कायद्याने तो विवाह निषिद्ध असेल, तर भारतीय अधिकारी तो लावण्यास नकार देऊ शकतो. आणि जर्मनीचा कायदा असे सांगतो की जर्मन भूमीवरील विवाह जर्मन पद्धतीनेच, म्हणजे तेथील नोंदणी अधिकाऱ्यासमोरच व्हावा. दोघांपैकी कोणीही जर्मन नसेल, तरच वकिलातीतील विवाहाला तेथे मुभा आहे. आपला वर जर्मन असल्यामुळे हा दरवाजा बंद आहे. दोन मराठी माणसे तेथे नोकरीला असती, तर उत्तर वेगळे आले असते.

जर्मनीत तेथील कायद्याप्रमाणे लागलेला विवाह केवळ परदेशात झाला म्हणून भारतात नाकारला जात नाही. तरीही त्याला भारतीय कायद्याचे छत्र असावे म्हणून १९६९ च्या कायद्याचे कलम १७ वापरा. किमान एक पक्ष भारतीय असेल आणि विवाह त्या देशाच्या कायद्याने रीतसर झाला असेल, तर भारतीय वकिलातीतील विवाह अधिकारी त्याची नोंदणी करून देऊ शकतो. स्टुटगार्ट ज्या प्रांतात येते त्याचे काम म्युनिकमधील भारतीय वाणिज्य दूतावास पाहतो. या नोंदणीचा उपयोग पुढेही आहे. आपले पती पुढे ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्डासाठी अर्ज करणार असतील, तर भारतीय नागरिकाचा परदेशी जोडीदार म्हणून त्यांना नोंदणीकृत आणि अर्जापूर्वी सलग दोन वर्षे टिकलेला विवाह दाखवावा लागेल.

माझे स्पष्ट मत विचाराल तर जुन्या कस्टम हाऊसमध्ये विशेष विवाह करून घ्या आणि स्टुटगार्टला फक्त जेवण द्या. भाषा आपली, साक्षीदार आपले, आणि काही अडले तर अधिकाऱ्याला समोरासमोर भेटता येते.

नेकारकाठची_कोकणी

वकीलसाहेबांनी कायदा नेमका सांगितला, पण शेवटच्या परिच्छेदाशी मी सहमत नाही, आणि का ते सांगते. मी स्वतः मालवणची, वाढले लालबागला, आणि काही वर्षांपूर्वी तुमच्यासारख्याच परिस्थितीत इथे लग्न केले.

ताई, आधी त्या एजंटाला थांबवा. भारत अपोस्टीलच्या हेग करारात आला आणि १४ जुलै २००५ पासून तो करार आपल्याला लागू झाला, हे खरे. पण भारताच्या प्रवेशाला जर्मनीने हरकत घेतलेली आहे. म्हणून इतर कित्येक देशांत आपले अपोस्टील चालते आणि जर्मनीत भारतीय दाखल्यावरचे अपोस्टील चालत नाही. चौकोनी स्टिकर लागलेला माझा शपथपत्राचा कागद मी मोठ्या अभिमानाने टेबलावर ठेवला होता. इथल्या बाईंनी तो उलटा करून पाहिला, पुन्हा सुलटा केला आणि शांतपणे बाजूला सारला. मुंबईत नोटरी, मग मंत्रालयातून राज्य शासनाचे साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालय, असा तीन आठवड्यांचा प्रवास केलेला तो कागद होता.

मग जर्मनीत चालते काय? इथल्या नोंदणी कार्यालयाला श्टान्डेसआम्ट म्हणतात. त्यांना शंका असेल तर ते तुमचे कागद मुंबईतल्या जर्मन वाणिज्य दूतावासाकडे पडताळणीसाठी पाठवतात. दूतावास स्थानिक विश्वासू माणूस नेमतो. तो जन्मनोंदणीचे पुस्तक पाहून येतो, शाळेत जातो, आणि कधीकधी शेजाऱ्यांना तुमच्याबद्दल विचारतोही. आमच्या लालबागच्या चाळीत तो आला तेव्हा समोरच्या काकूंना वाटले की हा स्थळाची चौकशी करायला आला आहे, आणि त्यांनी माझे इतके गुणगान केले की माझे लग्न झालेले नाही हा मुख्य मुद्दा सांगायचा राहूनच गेला. तो माणूस दुसऱ्यांदा आला. गंमत बाजूला, ही पडताळणी तुम्ही स्वतः अर्ज करून सुरू करू शकत नाही, जर्मन कार्यालयाकडूनच मागणी यावी लागते. तिचा खर्च मात्र आपल्याला भरावा लागतो आणि तिला काही महिने लागतात.

दुसरा टप्पा असा. परदेशी माणसाने इथे लग्न करताना आपल्या देशाकडून विवाहास अडथळा नसल्याचे प्रमाणपत्र आणावे, असा जर्मन दिवाणी संहितेचा नियम आहे. त्यांना हवे त्या स्वरूपाचे प्रमाणपत्र भारत देत नाही, म्हणून प्रांताच्या वरिष्ठ न्यायालयाच्या अध्यक्षांकडून त्या अटीतून सूट घ्यावी लागते. तुमच्यासाठी ते स्टुटगार्टचेच न्यायालय. अर्ज श्टान्डेसआम्टमार्फत जातो, तुम्हाला न्यायालयाची पायरी चढावी लागत नाही. ही सूट सहा महिनेच टिकते, म्हणून ती हातात येण्याआधी हॉल ठरवू नका आणि आल्यावर आळस करू नका. माझ्याकडून अविवाहित असल्याचे माझे शपथपत्र आणि शिवाय आई-वडिलांचेही शपथपत्र मागितले होते. प्रत्येक कागदाचे भाषांतर शपथबद्ध भाषांतरकाराकडून लागते, आणि तो भाषांतरकार जर्मनीतील न्यायालयाने मान्य केलेला असेल तर वाद होत नाही. आमच्या पहिल्या भाषांतरकाराने ‘मु. पो.’ हे माझ्या वडिलांचे आद्याक्षर समजून लिहिले होते.

आता वकीलसाहेबांच्या सल्ल्याकडे येते. मुंबईत विशेष विवाह करायचा, तर विवाह अधिकारी जर्मन वराकडे त्याच्या देशाचा ‘विवाहास हरकत नाही’ अशा अर्थाचा कागद मागतात. जर्मन नागरिकाला तो कागद त्याचे श्टान्डेसआम्टच देते, आणि देण्याआधी होणाऱ्या बायकोचेही कागद तपासते. म्हणजे तोच जन्मदाखला, तेच शपथपत्र, तोच टेबल. पुढे नवऱ्याकडे जाण्यासाठी व्हिसा काढताना मुंबईतील विवाहाचा दाखलाही पडताळला जाऊ शकतो, तेव्हा वेळ वाचेल या समजुतीने मुंबईचा मार्ग धरू नका. आजीसाठी धरत असाल तर जरूर धरा.

व्हिसाबद्दलही आत्ताच ऐकून ठेवा. लग्न करून जर्मनीतच राहायचे असेल, तर पर्यटक म्हणून येऊन लग्न उरकू नका, लग्नासाठीचा राष्ट्रीय व्हिसा मुंबईतूनच काढा. नाहीतर लग्नानंतर परत मुंबईला जाऊन नव्याने अर्ज करण्याची वेळ येऊ शकते. सामान्यतः जर्मन भाषेची ‘ए १’ पातळीची परीक्षा लागते. काळा घोड्याच्या मॅक्स म्युलर भवनात वर्गासाठी आजच नाव घाला, कारण लग्नाच्या दिवशीही अधिकारी जे वाचतो ते तुम्हाला कळले पाहिजे, नाहीतर दुभाषा आणावा लागतो.

आणि नाव! आपल्या पासपोर्टवर ‘स्वतःचे नाव’ या रकान्यात आपल्या नावापुढे वडिलांचे नाव असते. जर्मनीत मधले नाव म्हणजे वडिलांचे नाव, ही कल्पनाच नाही. आमच्या बाईंनी माझ्या वडिलांचे नाव माझे दुसरे नाव म्हणून लिहून घेतले, आणि आज इथल्या प्रत्येक सरकारी पत्रावर मी निम्मी माझा बाप आहे. हसून सोडून दिले, पण तुम्ही पहिल्याच भेटीत हा मुद्दा काढा. आणि लग्नाआधी पासपोर्टवरचे आडनाव बदलण्याची घाई तर मुळीच करू नका.

डोंबिवली_ते_ट्योनर

डेन्मार्कबद्दल कोणी लिहीपर्यंत थांबलो होतो. बातमी खरी आहे, पण अर्धी. २०१९ पासून परदेशी जोडप्यांचे अर्ज तेथील कौटुंबिक बाबींचे सरकारी कार्यालय एका ठिकाणी तपासते. अर्ज, पासपोर्टची पाने, वैवाहिक स्थितीचे पुरावे आणि नाते खरे असल्याचे पुरावे आधी ऑनलाइन द्यायचे असतात. मंजुरीचे प्रमाणपत्र चार महिने चालते, आणि त्या मुदतीत कोणत्याही नगरपालिकेत तारीख घेता येते. आम्ही जर्मन सीमेलगतच्या ट्योनर गावात लग्न केले, बरेच जण डेन्मार्कच्याच एरो बेटावर जातात. तेथे वास्तव्याची अट नाही, फक्त देशात कायदेशीर प्रवेश असावा लागतो. लग्नाचा दाखला डॅनिशबरोबर इंग्रजी आणि जर्मनमध्येही मिळतो.

आमच्या बाबतीत मात्र दोघेही आधीपासून जर्मनीत रहिवासी परवान्यावर होतो, हा फरक नीट लक्षात घ्या. आपण मुंबईत आहात. शेंगेन व्हिसावर डेन्मार्कला जाऊन लग्न केलेत, तरी त्यामुळे जर्मनीत राहण्याचा हक्क मिळत नाही, आणि ‘ए १’ची परीक्षा, जोडीदाराचा व्हिसा हे सारे मुंबईला परतून करावेच लागेल. श्टान्डेसआम्ट टळते, वाणिज्य दूतावास टळत नाही.

फोर्टातला_काळा_कोट

नेकारकाठच्या ताईंनी वराच्या प्रमाणपत्राबद्दल जे लिहिले ते मी विचारात घेतले नव्हते, ही माझी चूक मान्य करतो. आमच्या टेबलावर तो कागद तयार होऊन येतो, त्यामुळे त्याच्यामागे काय घडते ते आम्हाला दिसत नाही. कागद तेच लागणार असतील, तर विवाह कोठे करायचा हा निर्णय आपण उभयतांनी सोयीने घ्यावा. स्टुटगार्टला केलात तर कलम १७ विसरू नका.

एक पुरवणी. शपथपत्र करायचे झाल्यास ते कोणत्या मजकुराचे हवे, हे श्टान्डेसआम्टकडून लेखी घ्या आणि मगच मुद्रांक विकत घ्या. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात शपथपत्राचे मुद्रांक शुल्क १०० वरून ५०० रुपये झाले आहे, आणि मजकूर चुकला म्हणून तो कागद कोणी परत घेत नाही. तसेच हा धागा वाचणाऱ्यांत कोणी घटस्फोटित असेल, तर हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत वांद्रे-कुर्ला संकुलातील कुटुंब न्यायालयातून वेळेत काढावी, आणि अपिलाची मुदत संपेपर्यंत कोणत्याही देशात लग्नाची तारीख ठरवू नये. हिंदू विवाह अधिनियमात ती मुदत ९० दिवसांची आहे.

जुना_लेखनिक

जन्मदाखल्याच्या प्रश्नाला कोणी हात लावलेला नाही, म्हणून लिहितो. मी महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणीच्या कामात नोकरीची बरीच वर्षे काढली आहेत. कोऱ्या चौकटीला घाबरू नका, तुमच्या पिढीच्या अनेक मुंबईकरांची ती कोरीच आहे. प्रसूतिगृह जन्माची खबर लगेच देत असे, बारसे बाराव्या दिवशी व्हायचे, आणि नंतर नाव घालायला वॉर्डात कोण जातो?

जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ च्या कलम १४ मध्ये नंतर नाव घालण्याची सोय आहे. नियमांप्रमाणे पहिल्या बारा महिन्यांत ते विनाशुल्क होते, आणि त्यापुढे १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. ज्यांची १५ वर्षेही उलटली, त्यांच्यासाठी शासन वेळोवेळी मुदतवाढ देत आले आहे. सध्या ती खिडकी उघडी आहे का, एवढाच प्रश्न काउंटरवर आधी विचारा. आणि हा प्रश्न गिरगावच्या वॉर्डात विचारू नका. नोंद जन्म जेथे झाला तेथे असते, आपण राहतो तेथे नव्हे. परळचा जन्म म्हणजे एफ दक्षिण विभाग. अर्ध्या लोकांची पहिली खेप या एका चुकीपायी फुकट जाते.

जाताना जुना दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, पासपोर्ट, आधार, आणि आई-वडिलांची ओळखपत्रे न्या. नाव कसे लिहायचे ते घरूनच, पासपोर्ट समोर ठेवून, मराठीत आणि इंग्रजीत कागदावर उतरवून न्या. एकदा घातलेले नाव पुन्हा बदलून मिळत नाही, तेव्हा एका अक्षराची चूकसुद्धा जन्माची सोबत करते. काउंटरवर ‘तुम्हीच लिहा हो साहेब’ असे म्हणू नका. मी स्वतः तिकडे बसून हे सांगतो आहे.

आईच्या नावाला लागलेले ‘बाई’ हा प्रकार वेगळा आहे. तो कलम १५ च्या दुरुस्तीत येतो. मूळ नोंद खोडत नाहीत, समासात दुरुस्तीचा शेरा घालून निबंधक सही करतात आणि तारीख टाकतात. दूतावासाचा माणूस पुस्तक पाहायला आला तर त्याला तो शेरा दिसेल, दिसू द्या. रीतसर शेरा असलेली नोंद सरळ वाचता येते. त्याला अडचण होते ती नोंदीत एक, दाखल्यात दुसरे आणि पासपोर्टात तिसरेच असले म्हणजे. दुरुस्तीसाठी आईच्या लग्नाआधीच्या काळातला कागद, शाळेचा दाखला वगैरे, उपयोगी पडतो. नाव घालणे आणि दुरुस्ती दोन्ही झाल्यावरच नवा दाखला काढा आणि तोच भाषांतराला द्या. आधी भाषांतर आणि मग दुरुस्ती असे केलेत, तर भाषांतराचे पैसे दोनदा जातील.

मधली_मुलगी (गिरगाव)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. कालच एजंटाकडे जाऊन कागद परत आणले. अपोस्टील फक्त पदवीवर झाले होते, त्याचे पैसे गेले, बाकीची रक्कम बऱ्याच वादानंतर मिळाली. घरी बसून त्या दोन पानी यादीतील प्रत्येक ओळीसमोर आमच्याकडे असलेला कागद लिहून काढला, तेव्हा ध्यानात आले की अकरापैकी सात ओळी त्याच्याच कागदांच्या आहेत आणि तो बिचारा गेले दोन महिने माझी कीव करत होता.

आमचे ठरले आहे की लग्न स्टुटगार्टलाच करायचे, सूट हातात आल्याखेरीज तारीख ठरवायची नाही, आणि मग म्युनिकच्या वाणिज्य दूतावासात कलम १७ खाली नोंदणी करायची. डिसेंबरचा विधी पुढच्या वर्षावर गेला तरी चालेल, असे आजीने स्वतःहून सांगितले. मुहूर्त नाही तर नाही, पण मुलगी व्हिसाशिवाय विमानात बसवू नका, एवढीच तिची अट आहे. मॅक्स म्युलर भवनाच्या पुढच्या तुकडीत नाव घातले आहे.

लेखनिक काका, सोमवारी आईला घेऊन परळला जाते आहे. तिच्या चौथीच्या दाखल्यावर ‘बाई’ नाही, तो सापडला. पुरावा म्हणून तिने स्वतःच्या लग्नाची पत्रिकाही कपाटातून काढून ठेवली आहे, आणि त्या निमित्ताने असे उघड झाले की तिचे आणि बाबांचे लग्न गेल्या पस्तीस वर्षांत कोठेही नोंदवलेलेच नाही. बाबा लगेच वॉर्ड ऑफिसला निघाले होते. त्यांना यादी दाखवली, तिच्यात आई-वडिलांच्या लग्नाचा दाखला मागितलेला नाही, तेव्हा पत्रिका सध्या पुन्हा कपाटात गेली आहे.